वाद्यवृंदासह मूकपट दाखवायचाय? पहिल्यांदा आयोजन करणाऱ्यांसाठी

ऑपेरात गायकाने एखादा सूर जरा लांबवला तर संचालक वाद्यवृंदाला धरून ठेवतो. नाटकात नट अडखळला तर समोरचा सांभाळून घेतो. पडद्यावरचा चित्रपट मात्र कुणासाठीही थांबत नाही. दार उघडणं, पिस्तूल झाडणं, नायिकेचं वळून पाहणं हे सगळं शंभरेक वर्षांपूर्वी ठरून गेलेल्या क्षणीच घडणार, आणि सगळ्या वादकांनी नेमक्या त्या क्षणी तिथे पोचायचं. या कार्यक्रमातली जवळपास प्रत्येक अडचण याच एका गोष्टीतून निघते. ती आधी मनात पक्की केली की पुढचे निर्णय सोपे जातात.

हा लेख ज्यांनी असा कार्यक्रम कधी केलेला नाही त्यांच्यासाठी आहे: फिल्म सोसायटी, संगीत विद्यालय, हौशी वाद्यवृंद किंवा एखाद्या महोत्सवाचे कार्यकर्ते. साठ-सत्तर वादकांचा ताफा हवाच असं नाही. मूकपटाच्या काळात भव्य चित्रपटगृहांत मोठे वाद्यवृंद होते हे खरं, पण बहुतेक ठिकाणी लहान संच किंवा नुसता पियानोच असे. आठ-दहा चांगल्या वादकांनीही सभागृह भारून जातं.

चित्रपट निवडताना प्रत, वेग आणि संगीतही निवडा

नवखे आयोजक आधी चित्रपट ठरवतात, मग कुठून तरी त्याची प्रत मिळवतात आणि शेवटी संगीत शोधायला निघतात. या क्रमात हमखास घोटाळा होतो. मूकपटाचं लिहिलेलं संगीत नुसत्या चित्रपटासाठी नसतं. ते त्या चित्रपटाच्या एका विशिष्ट आवृत्तीसाठी, एका विशिष्ट वेगासाठी बसवलेलं असतं.

आधी वेगाचं पाहू. बोलपटांचा वेग सेकंदाला २४ चौकटींवर (फ्रेम्सवर) स्थिरावला, कारण आवाजाला एकसारखा वेग लागतो. त्याआधी कॅमेरे बऱ्याचदा हाताने फिरवले जात आणि वेग साधारण १६ ते २४ च्या दरम्यान कुठेही असे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे हजार फुटांच्या रिळात १६,००० चौकटी. सेकंदाला १६ चौकटींनी हे रीळ १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २० ने १३ मिनिटं २० सेकंद, आणि २४ ने जेमतेम ११ मिनिटं. चित्रपट तोच, पण लांबीत केवढी तफावत! २० च्या वेगासाठी लिहिलेलं दीड तासाचं संगीत हातात असेल आणि प्रोजेक्टर २४ ने चालला, तर चित्रपट सव्वा तासात संपेल आणि वाद्यवृंद मागे राहील.

आता आवृत्तीचं. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ मध्ये बर्लिनला प्रदर्शित झाला आणि लवकरच त्याची मोठी काटछाट झाली. २००१ ची पुनरुज्जीवित आवृत्ती सुमारे दोन तासांची आहे. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसला १६ मिलिमीटरची एक लांब प्रत सापडली आणि तिच्या आधारे २०१० मध्ये सुमारे अडीच तासांची आवृत्ती तयार झाली. दृश्यांचा मूळ क्रम ठरवताना गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांच्या मूळ संगीताच्या कागदांचा फार उपयोग झाला, कारण कुठल्या सुराशी पडद्यावर काय घडतं याच्या हजाराहून अधिक नोंदी त्यात होत्या. चित्र आणि संगीत एकमेकांत किती गुंतलेले असतात याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. उलट उदाहरण ‘द न्यू बॅबिलॉन’चं. १९२९ च्या या चित्रपटासाठी तरुण शोस्ताकोविचने पूर्ण संगीत लिहिलं, पण ऐनवेळी चित्रपटात फेरफार झाले आणि संगीत चित्राला जुळेना.

म्हणून संगीत भाड्याने देणाऱ्या प्रकाशकाला पहिल्याच पत्रात विचारा: हे संगीत कुठल्या संस्थेच्या, कुठल्या वर्षीच्या पुनरुज्जीवित प्रतीसाठी आहे? वेग किती धरला आहे? एकूण लांबी मिनिट-सेकंदांत किती? मग प्रत देणाऱ्या संग्रहालयाला हेच तीन प्रश्न विचारा. दोघांची उत्तरं तंतोतंत जुळेपर्यंत सभागृहाला आगाऊ रक्कम देऊ नका.

पहिल्या कार्यक्रमासाठी कुठला चित्रपट? विनोदी छोटे पट सोपे वाटतात, पण जुळवणुकीच्या दृष्टीने विनोदच सर्वांत कठीण. केळ्याच्या सालीवरून पाय घसरतो त्याच क्षणी झांज वाजली तर हशा येतो, अर्ध्या सेकंदाने वाजली तर तो प्रसंग मरतो. वातावरणावर चालणारे गूढपट आणि शोकनाट्यं जास्त क्षमाशील असतात. तिथे एक भाव तीन-चार मिनिटं टिकतो आणि संगीत थोडं मागेपुढे झालं तरी प्रेक्षकाला कळत नाही. ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कालिगारी’ (१९२०) सव्वा तासाच्या आसपास आहे आणि मूळ निगेटिव्हवरून केलेली त्याची उत्तम प्रत २०१४ मध्ये तयार झाली. सुरुवातीला मी असंच काही सुचवेन. चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) चा मोह सगळ्यांनाच होतो, आणि त्याचं संगीत चॅप्लिनने स्वतः रचलेलं असल्याने तो मोह योग्यही आहे. पण त्यातला मुष्टियुद्धाचा प्रसंग सेकंदाचीही सूट देत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. आबेल गान्सचा साडेपाच तासांचा ‘नेपोलियन’ (१९२७), ज्याच्या शेवटी तीन पडदे लागतात, तो तर अनुभवी मंडळींनाही घाम फोडतो.

परवानग्या: एक नव्हे, चार

जुना चित्रपट म्हणजे हक्कमुक्त, हा समज सर्वांत महाग पडतो. मूळ चित्रपटाचा हक्क, पुनरुज्जीवित प्रतीचा हक्क, संगीताचा हक्क आणि स्वरलिपीच्या कागदांचं भाडं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मुदती देशोदेशी वेगळ्या असतात. ‘मेट्रोपोलिस’ अमेरिकेत २०२३ पासून हक्कमुक्त आहे, पण लांग १९७६ मध्ये वारल्यामुळे, जिथे दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क टिकतो तिथे तो २०४६ अखेरपर्यंत सुरक्षित आहे. तुमच्या देशातला नियम जाणकाराकडून तपासून घ्या. कार्यक्रमाचं चित्रीकरण किंवा थेट प्रक्षेपण करायचं असेल तर त्याची परवानगी निराळी मागावी लागते, आणि ती आधीच मागावी.

या पत्रव्यवहाराला महिने लागतात. आठ-दहा महिने आधी सुरुवात करा.

संगीत कुठून आणायचं

पहिला मार्ग म्हणजे मूळ काळातलं, त्या चित्रपटासाठीच लिहिलेलं संगीत, जिथे ते उरलं आहे तिथे. खास चित्रपटासाठी संगीत लिहिण्याची चाल फार जुनी आहे. कामीय सँ-साँस यांनी १९०८ मध्येच एका फ्रेंच चित्रपटासाठी तसं संगीत लिहिलं होतं. पण बरंच काही हरवलं. ‘नोस्फेरातू’ (१९२२) साठी हान्स एर्डमानने लिहिलेलं संगीत आज अपूर्णच मिळतं आणि जे वाजवलं जातं ते पुन्हा जुळवलेलं असतं.

दुसरा मार्ग आजच्या संगीतकाराचं नवं काम. कार्ल डेव्हिस यांनी १९८० पासून अनेक मूकपटांना दिलेलं संगीत जगभर वाजतं. भारतातल्या कथांवर, भारतात चित्रित झालेल्या दोन मूकपटांनाही असा पुनर्जन्म मिळाला आहे: ‘अ थ्रो ऑफ डाइस’ (१९२९) ला नितीन साहनी यांनी आणि ‘शिराझ’ (१९२८) ला अनुष्का शंकर यांनी संगीत दिलं. नवं संगीत लिहून घेणार असाल तर संगीतकाराच्या हाती अंतिम प्रतच द्या, हंगामी नको. नंतर एक पाटी (संवाद किंवा माहिती लिहून दाखवणारी चौकट) जरी चार सेकंदांनी लांबली तरी पुढचं सगळं सरकतं.

तिसरा मार्ग संकलनाचा, आणि लहान संचाला तो मला सर्वांत आवडतो. मूकपटाच्या काळात हीच सर्रास पद्धत होती. एर्नो रापे यांनी १९२४ मध्ये काढलेल्या संग्रहात वादळ, पाठलाग, प्रेम, अंत्ययात्रा अशा विषयांनुसार तुकडे लावले होते आणि पानाच्या कडेलाच विषयसूची होती, म्हणजे वादकाला चालत्या चित्रपटातही तुकडा सापडावा. तुम्हीही हक्कमुक्त रचनांतून असं संगीत जुळवू शकता. चित्रपट पहिल्यांदा काहीही न लिहिता पाहा. दुसऱ्यांदा वेळेची टिपणं घ्या: कितव्या मिनिटाला काय घडतं, भाव कुठे बदलतो, कुठली घटना संगीतात उमटलीच पाहिजे. तिसऱ्यांदा फक्त एक प्रश्न विचारा: इथे शांतता चालेल का? नवखे संकलक एक क्षणही मोकळा सोडत नाहीत. पण पूर्ण वाद्यवृंद अचानक थांबला आणि पडद्यावर चेहरा तेवढा राहिला, तर सभागृहात जे होतं ते कुठल्याही वाद्याने होत नाही. अशा दोन-तीन जागा जपून निवडा. प्रसिद्ध रचना शक्यतो टाळा. प्रेक्षक चित्रपट सोडून धून ओळखत बसतात.

संचालक चित्राला धरून कसा चालतो

या कामाचा गाभा इथे आहे.

एक हिशेब बघा. मिनिटाला १२० मात्रांची लय लिहिलेली आहे आणि संचालकाचा हात ११८ वर चालतोय. हा फरक कानाला जाणवणारही नाही. पण तीन मिनिटांत वाद्यवृंद तीन सेकंद मागे पडतो. तीन सेकंदांत पाटी येऊन जाते, गोळी सुटून माणूस कोसळलेला असतो.

यावर तीन उपाय वापरात आहेत. सर्वांत जुना म्हणजे स्वरलिपीतच चित्राच्या खुणा लिहिणं: ‘ती पत्र उघडते’, ‘गाडी वळते’, ‘पाटी’. संचालक प्रत्येक खुणेशी पडदा तपासतो आणि लय किंचित सैल किंवा घट्ट करतो. दुसरा उपाय संचालकापुढच्या लहान मॉनिटरवर चालती वेळ आणि सरकत्या रेषा दाखवण्याचा. एक उभी रेषा डावीकडून उजवीकडे सरकत येते आणि कडेला पोचताच झगमगाट होतो. त्या क्षणी ठोका पडायला हवा. प्रेक्षकांच्या पडद्यावर यातलं काही दिसत नाही. तिसरा उपाय क्लिकचा, म्हणजे हेडफोनमध्ये टिकटिक वाजते आणि सगळे तिच्या मागे जातात.

क्लिकने जुळवणूक अचूक होते, पण पूर्ण कार्यक्रमभर सगळ्या वादकांच्या कानात ती ठेवायला माझा ठाम विरोध आहे. वादक एकमेकांना ऐकायचे थांबतात, वाक्याच्या शेवटी श्वास घेत नाहीत, आणि जिवंत वाद्यवृंद आणण्याचं कारणच उरत नाही. फार तर पाठलागासारख्या एक-दोन अवघड जागी ती एकट्या संचालकाच्या कानात असावी. बाकी ठिकाणी मॉनिटर आणि लिहिलेल्या खुणा पुरतात.

संचालकासाठी सर्वांत मोलाचा सल्ला असा: प्रत्येक क्षणी जुळायचा प्रयत्न करू नका. ज्या जागा चुकल्या तर प्रेक्षकाला कळेल अशाच जागा निवडा. सव्वा तासाच्या चित्रपटात त्या वीस-पंचवीस निघतील. त्यांना लाल पेन्सिलीने खूण करा. प्रत्येक लाल खुणेच्या आधी एक ‘सांधा’ शोधा: लांबवता येईल असा सूर, आणखी एकदा घेता येईल असे दोन बार (स्वरलिपीतले मात्रांचे ठरावीक गट), किंवा थोडी विश्रांती. पुढे आलात तर तिथे थांबता येतं, मागे पडलात तर तिथला थांबा गाळता येतो. तयार संगीतात असे सांधे नसतील तर ते कुठे करता येतील हे वादकांशी आधी ठरवून त्यांच्या कागदांवरही लिहून ठेवा.

एक तांत्रिक काटा लोक विसरतात. डिजिटल प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करतो, त्यात काही चौकटी उशीर होतो, आणि मॉनिटरचा उशीर वेगळा असू शकतो. मग संचालक मॉनिटरशी अचूक असूनही प्रेक्षकांना चुकलेला दिसतो. मोबाइलवर पडदा आणि मॉनिटर एकाच चौकटीत घेऊन स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा; फरक लगेच मोजता येतो, आणि तंत्रज्ञ तो भरून काढू शकतात.

पडदा, उजेड, बसण्याची जागा

वाद्यवृंद पडद्याच्या खाली बसतो, वादकांची पाठ पडद्याकडे आणि संचालकाचं तोंड पडद्याकडे. रंगमंचापुढे वाद्यवृंदासाठी खोलगट जागा (पिट) नसेल आणि वाद्यवृंद रंगमंचावरच असेल तर पडद्याची खालची कड उभं राहून डबल बास वाजवणाऱ्याच्या डोक्याच्या वर हवी. पहिल्या रांगेत बसून स्वतः पाहा. लागलं तर पुढच्या दोन रांगा विकूच नका.

दिव्यांचा प्रश्न पुढ्यातल्या कागदांमुळे येतो. पांढरे कागद उजेड परत फेकतात आणि पडद्यावरच्या रात्रीच्या दृश्यांत काळा रंग राखाडी होतो. आच्छादन असलेले, मंद करता येणारे दिवे घ्या, सगळे खाली झुकवा, आणि कागदाचा रंग फिका पिवळसर ठेवता आला तर उत्तम. वादकांचे कपडे पूर्ण काळे, पांढरा शर्टसुद्धा नको. संचालकाच्या हातावर मात्र वरून एक बारीक झोत हवा, नाहीतर मागच्या वादकांना ठोका दिसत नाही.

चित्राचा आकार तपासा. मूकपटाची चौकट साधारण १.३३ ला १ या प्रमाणाची असते. रुंद पडद्यावर ती ताणून भरणं किंवा वरखाली कापणं हा त्या छायाचित्रकाराचा अपमान आहे. बाजूंना काळा पडदा ओढून घ्या. डिजिटल प्रत असेल तर तंत्रज्ञाला दोन प्रश्न विचारा. पहिला, ही प्रत २४ च्या वेगात रूपांतरित आहे की मूळ वेगात? कारण १८ किंवा २० च्या आसपासचे वेग सगळीच यंत्रं स्वीकारत नाहीत. दुसरा, प्रतीत ध्वनिमुद्रित संगीत आहे का? बहुतेक वेळा असतं, आणि ते बंद करायचं राहिलं तर पहिल्या ठोक्याला दोन वाद्यवृंद एकदम वाजतात.

बंदिस्त, चांगल्या सभागृहात मायक्रोफोन लागू नयेत. मोकळ्या मैदानात लागतातच.

पाट्यांच्या भाषेचाही विचार करा. मूळ पाट्या काढून नव्या घालू नका, लांबी बदलते. त्यांच्याखाली भाषांतर दाखवा, आणि ते मूळ पाटी पडद्यावर असेपर्यंतच्या वेळात वाचून संपेल इतकं थोडक्यात असू द्या.

तालमी

सर्वांत जास्त तास संचालक एकटा खर्च करतो, घरी, चालती वेळ छापलेल्या प्रतीसमोर. ते झाल्याशिवाय वादकांना बोलावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मग निदान तीन तालमी धरा. पहिली चित्रपटाशिवाय, नुसत्या संगीताची. दुसरी चित्रपटाबरोबर तुकड्या-तुकड्यांनी. इथे चित्र मागेपुढे पटकन नेता यायला हवं, म्हणून मूळ प्रत न वापरता संगणकावरची साधी फाइल वापरा आणि लाल खुणांच्या जागी तिच्यात आधीच टप्पे करून ठेवा. तिसरी प्रत्यक्ष सभागृहात, प्रयोगाच्याच उजेडात, अखंड. काही बिघडलं तरी थांबायचं नाही, कारण चुकल्यावर पुन्हा चित्राला कसं गाठायचं याचा सराव फक्त इथेच होतो.

पहिल्या तालमीआधी सगळ्या वादकांना चित्रपट एकदा पूर्ण दाखवा. वाजवताना त्यांना तो दिसणार नाही. पाहिला नसेल तर माना मागे वळतात. पाहिला असेल तर आपण कुणासाठी वाजवतोय हे सुरांत ऐकू येतं.

वादकांच्या शरीराचाही हिशेब ठेवा. सव्वा-दीड तास जवळपास सलग वाजवणं मैफलीपेक्षा जड असतं, पितळी वाद्यांच्या वादकांचे ओठ दमतात. मोठा चित्रपट असेल तर मध्यंतर कथेच्या नैसर्गिक विरामावर घ्या. ‘मेट्रोपोलिस’चे तर मुळातच तीन भाग आहेत. मध्यंतरानंतरचा भाग वेगळी फाइल करून ठेवा, म्हणजे सुरुवात प्रत्येक वेळी तीच राहील.

प्रयोगाच्या दिवशी

सूचना देणारी व्यक्ती एकच असावी. तीच दिवे, प्रोजेक्टर आणि संचालक यांना जोडते. क्रम कागदावर लिहा: सभागृहाचा उजेड कमी, वादकांचे दिवे ठरलेल्या पातळीवर, संचालकाचा होकार, प्रोजेक्टर सुरू, पडद्यावर पाच सेकंद काळं, पहिली पाटी, पहिला ठोका. हा क्रम त्याच दिवशी दुपारी तीनदा करून पाहा.

अडचणींचे निर्णयही आधीच घ्या. चित्र बंद पडलं तर वाद्यवृंद वाजवत राहतो आणि पुढच्या ठरलेल्या खुणेला थांबतो. वाद्यवृंदच हरवला तर संचालक पुढच्या भागाचं अक्षर (स्वरलिपीत भागांना अ, ब, क अशी अक्षरं दिलेली असतात) सरळ मोठ्याने सांगतो आणि सगळे तिथे उडी घेतात. प्रेक्षक हे सहज माफ करतात, दोन मिनिटांचा गोंधळ माफ करत नाहीत. शक्य असेल तर तोच चित्रपट चालवणारं दुसरं यंत्र त्याच वेळी शेजारी चालू ठेवा.

सुरुवातीला बोलायचं असेल तर पाच मिनिटांच्या आत, आणि त्यात एक गोष्ट जरूर सांगा: हसा, दचका, टाळ्या वाजवा. लोक जिवंत वाद्यवृंद पाहून मैफलीसारखे गप्प बसतात, आणि विनोदी प्रसंग थंड जातात. शेवटची पाटी गेल्यावर पडदा काळा होऊ द्या आणि मग उजेड आधी वाद्यवृंदावर आणा.

दुसऱ्या दिवशी भाड्याचे कागद परत पाठवायचे असतात आणि पेन्सिलीच्या खुणा खोडून द्यायच्या असतात. त्याआधी संचालकाच्या प्रतीतली प्रत्येक लाल खूण, प्रत्येक सांधा आणि प्रत्यक्षात पडलेली लय वेळेसकट वहीत उतरवून घ्या. तोच चित्रपट पुन्हा दाखवाल तेव्हा एकट्याने करायचे कितीतरी तास या वहीने वाचतात.